३१ फुटी शिडाच्या बोटीसाठी केबिन हीटर कोणता घ्यावा? (नेदरलँड्स, ऑक्टोबर ते एप्रिल)

मचवा

नमस्कार मंडळी. हीटर निवडायचा आहे, जाणकारांनी मदत करावी. आधी सगळी माहिती देतो म्हणजे उत्तर देणं सोपं जाईल.

बोट ३१ फुटी, फायबरग्लासची, ऐंशीच्या दशकातली. मुक्काम होर्नला, मार्करमेर तलावावर. वापर शनिवार-रविवार, झोपणारी माणसं दोन, क्वचित तीन. ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि मार्च-एप्रिल हेच महिने खरे अडचणीचे, रात्री बाहेर ३-४ अंश. निम्म्या रात्री मरीनात, निम्म्या नांगरावर, म्हणजे किनाऱ्यावरची वीज दरवेळी मिळेलच असं नाही. इंजिन डिझेल, टाकी ७० लिटरची. घरगुती वापराच्या एजीएम (सीलबंद शिसे-आम्ल) बॅटऱ्या ९० अँपिअर-तासांच्या दोन, सोलर पॅनल १०० वॅटचं. स्वयंपाक गॅसवर.

डोळ्यासमोर चार पर्याय आहेत:
१) डिझेलवर चालणारा गरम हवेचा हीटर (वेबॅस्टो, एबरस्पेशर वगैरे)
२) तोच प्रकार, पण चिनी, एक पंचमांश किमतीत
३) विजेशिवाय चालणारी, थेंबाथेंबाने डिझेल घेणारी धुराड्याची शेगडी (रेफ्लेक्स, डिकिन्सन)
४) काहीच बसवायचं नाही, मरीनात इलेक्ट्रिक हीटर आणि नांगरावर जाड गोधड्या

किती किलोवॅटचा लागेल, आणि यातला कोणता?

उत्तरवारा

किलोवॅटचा हिशेब आधी करून टाकू, बाकीची चर्चा त्यावरच उभी आहे.

३१ फुटी बोटीत राहण्याच्या भागाच्या भिंती, छत आणि तळ मिळून साधारण ३० चौरस मीटर पृष्ठभाग धरा. उघड्या फायबरग्लासमधून प्रत्येक चौरस मीटरला, प्रत्येक अंश फरकाला ५ वॅटच्या आसपास उष्णता जाते. आतून लाकडी पट्ट्या किंवा अस्तर असेल तर २.५ ते ३. जुन्या बोटीत दोन्ही प्रकार असतात, म्हणून सरासरी ४ घ्या. बाहेर ४, आत १९, फरक १५ अंश.

३० × ४ × १५ = १८०० वॅट.

आता हवा खेळती ठेवायची तर २० घनमीटरच्या केबिनमधली हवा तासाला दोनदा बदलते असं धरा, त्याला आणखी २०० वॅट. म्हणजे २ किलोवॅट. हा आकडा तुमच्या सगळ्यात वाईट रात्रीचा आहे. ऑक्टोबरमध्ये याच्या निम्म्यात भागेल.

"मोठा घेतलेला बरा" म्हणून ४ किलोवॅटचा घेऊ नका. डिझेल हीटर सतत मंद चालला की आत काजळी धरते, आणि मोठा हीटर छोट्या केबिनमध्ये मंदच चालणार.

रेवदंडा

इकडे मांडव्याला केबिनमध्ये दुसरा पंखा कुठे बसवायचा याची चर्चा चालते. :) वाचनखूण साठवली.

ओबानकर

उत्तरवारा यांचा हिशेब पटला. पण पर्याय ३ ला कोणी वकील नाही असं दिसतंय, म्हणून लिहिते.

धुराड्याच्या शेगडीत पंखा नाही, ग्लो प्लग (विजेने तापून डिझेल पेटवणारी कांडी) नाही, कंट्रोल बोर्ड नाही. डिझेल वरच्या छोट्या टाकीतून स्वतःच्या वजनाने खाली येतं, रेग्युलेटरमधला फ्लोट ते मोजून सोडतो, खाली भांड्यात त्याची वाफ होऊन निळी-पिवळी ज्योत जळते. बॅटरीतून शून्य अँपिअर. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर मासेमारीच्या बोटींत या शेगड्या दिवसरात्र पेटलेल्या असतात. वर किटली ठेवता येते, ओले हातमोजे वाळतात, आवाज अजिबात नाही. आणि उष्णता किरणांनी येते. हवा थोडी गार असली तरी अंगाला ऊब जाणवते.

बसवताना या गोष्टी सांभाळा:

टाकीचा तळ रेग्युलेटरच्या वर किमान ३० सेंटिमीटर हवा, नाहीतर फ्लोटला पुरेसा दाब मिळत नाही. ते जमत नसेल तर मुख्य टाकीतून चढवायला छोटा पंप लावतात, पण मग "वीज नको" हा फायदा थोडा कमी होतो.

रेग्युलेटर समतल हवा. बोट कललेली असताना एका बाजूला डिझेल जास्त येतं, दुसऱ्या बाजूला येतच नाही.

धुराडं जितकं सरळ आणि उंच तितकी ओढ चांगली. कोपरे टाळा. टाळता येत नसतील तर ४५ अंशांचे दोन वापरा, ९० चा एक नको. डेकमधून नळी जाते तिथे धातूची दुहेरी रिंग आणि मध्ये उष्णतारोधक भरण हवं. तिथलं लाकूड वर्षानुवर्षं तापून काळं पडत जातं आणि वरून कोणाला दिसत नाही.

पेटवणं शिकावं लागतं. भांड्यात थोडं डिझेल येऊ द्यायचं, त्यावर मेथिलेटेड स्पिरिटचा चमचाभर ओतून काडी लावायची, धुराडं तापेपर्यंत नॉब सगळ्यात खालच्या आकड्यावर. विझलेल्या पण अजून गरम असलेल्या भांड्यात पुन्हा डिझेल सोडून पेटवायचं नाही. वाफ एकदम पेट घेते. पूर्ण गार होऊ द्या, साठलेलं डिझेल फडक्याने टिपा, मगच काडी.

गलबत

ओबानकर ताई, सगळं मान्य. पण मचवा यांची बोट ३१ फुटी आहे. शेगडी बसवायची कुठे? ज्वलनशील लाकडापासून अंतर, मागे पत्रा आणि त्यामागे हवेची फट, हे सगळं धरलं तर सलूनमधली एका माणसाची बसायची जागा गेली.

दुसरं, शिडाखाली चालताना मुख्य शिडावरून खाली येणारा वारा नेमका धुराड्यावर पडतो. ओढ उलटी फिरली की केबिन धुराने भरते. एच आकाराची टोपी लावली की फरक पडतो, पण पूर्ण सुटत नाही.

ओबानकर

बरोबर आहे, चालत्या बोटीत ती बंद ठेवावी. नांगरावर आणि मरीनात वापरायची चीज आहे ती. जागेचा मुद्दाही खरा. ३५ फुटांच्या वर, किंवा बोटीवर सलग महिनोन्‌महिने राहणाऱ्यांना मी तीच सुचवेन. शनिवार-रविवारसाठी तिचा आणखी एक तोटा सांगून टाकते: शुक्रवारी रात्री ९ ला गारठलेल्या बोटीवर पोचलात तर शेगडी केबिन तापवायला वेळ घेते. गरम हवेचा हीटर वीस मिनिटांत कोट काढायला लावतो.

डिझेलकाका

मचवा, तुमच्या वापराला पर्याय १, २ किलोवॅट. एबरस्पेशर एअरट्रॉनिक डी२ किंवा वेबॅस्टो एअर टॉप २०००, यांतला जो तुमच्या गावात दुरुस्त करून मिळतो तो. ऑटोटर्मचा २ किलोवॅटचाही चालेल. ब्रँडवरून भांडण्यात वेळ घालवू नका. हे हीटर बंद पडतात ते बहुतेक वेळा बसवण्यातल्या चुकांमुळे. म्हणून तेच सविस्तर लिहितो.

वीज. चालू असताना हीटर सरासरी १ ते २.५ अँपिअर खातो, पण सुरू होताना ग्लो प्लग एक-दोन मिनिटं ८ ते १० अँपिअर ओढतो. "हीटर सुरूच होत नाही" ही तक्रार इथूनच येते. समजा बॅटरीपासून हीटर ५ मीटरवर आहे, म्हणजे जाऊन-येऊन १० मीटर तार. २.५ चौरस मिलिमीटरची तार घेतली तर १० अँपिअरला ०.७ व्होल्ट वाटेतच गेले. बॅटरी आधीच १२ वर असेल, त्यात जुना फ्यूजहोल्डर, गंजलेली टर्मिनल, की हीटरला ११ सुद्धा मिळत नाहीत आणि तो कमी व्होल्टेजचा एरर दाखवून बंद होतो. ६ चौरस मिलिमीटरची तार घ्या, घट ०.३ व्होल्टवर येते. तार थेट बॅटरीच्या स्विचपासून, स्वतःच्या फ्यूजसह. स्विच पॅनलमधल्या दिव्यांच्या लाइनवरून नको.

आणि चालू हीटरची वीज स्विचने कधीही तोडायची नाही. बंद केल्यावर तो तीन-चार मिनिटं पंखा चालवून स्वतःला गार करतो. ते झालं नाही तर आतली उष्णता बाहेर पडत नाही आणि सेन्सर, प्लास्टिक, सील यांची वाट लागते. बोट सोडताना मुख्य स्विच बंद करायची सवय असते, तिथे हे हमखास विसरतं. मुख्य स्विचजवळ चिठ्ठी लावा.

डिझेल. इंजिनाच्या नळीला टी जोडून डिझेल घेऊ नका. इंजिनाचा पंप ओढतो तेव्हा हीटरच्या नळीत हवा शिरते. टाकीच्या झाकणात वेगळी उभी नळी बसवा आणि तिचं टोक इंजिनाच्या नळीपेक्षा ४-५ सेंटिमीटर वर ठेवा. टाकी संपत आली की हीटर आधी विझेल, इंजिनाला घरी यायला डिझेल उरेल.

नळी २ मिलिमीटर आतल्या व्यासाची, कडक नायलॉनची. जाड नळीत बुडबुडे साठतात, ज्योत उडते. पंप आडवा नको. बाहेर जाणारं तोंड किमान १५ अंश वर, म्हणजे हवा पुढे निघून जाते. पंपाची टकटक रात्री फार ऐकू येते, तो रबरी पट्ट्यात बांधा आणि झोपायच्या जागेच्या फळीला टेकवू नका.

गरम हवा. २ किलोवॅटला ६० मिलिमीटरचा पाइप. कॉकपिट लॉकरमधून जाणारा भाग उष्णतारोधक अस्तराचा घ्या, नाहीतर लॉकर मस्त ऊबदार आणि पुढची केबिन गार. सलूनमधलं एक तोंड झडप नसलेलं ठेवा. सगळी तोंडं बंद झाली की हीटर अति तापून स्वतःला बंद करतो. आत येणारी हवा केबिनमधूनच घ्या, शिडीच्या पायरीखाली जाळी लावून. लॉकरमधली हवा घेतली तर डिझेलचा आणि बुरसट दोरांचा वास सगळ्या बोटीत फिरेल. आउटबोर्डचा पेट्रोलचा डबा त्या लॉकरमध्ये असेल तर तो आधी हलवा, यात चर्चेला जागा नाही.

एक्झॉस्टवर वेगळं लिहितो, तो विषय मोठा आहे.

गलबत

काका, एवढं एका प्रतिसादात! धाग्याचं सार्थक झालं.

सांजवात

एवढं सगळं बसवण्यापेक्षा छोटा गॅसचा कॅटॅलिटिक हीटर का नको? कॅम्पिंगवाले वापरतात. किंवा गॅसच्या शेगडीवर मातीची कुंडी उपडी ठेवायची, ती तापली की ऊब देत राहते. खर्च नाहीच.

उत्तरवारा

सांजवात, दोन्ही नको. कारणं नीट देतो, कारण हा सल्ला वारंवार दिला जातो.

पहिलं पाणी. धुराडं नसलेल्या कोणत्याही ज्योतीचं सगळं पाणी केबिनमध्येच राहतं. १ किलो प्रोपेन जळला की १.६ किलो पाण्याची वाफ होते. १ किलोवॅटचा गॅस हीटर आठ तास चालला तर अंदाजे १ लिटर पाणी हवेत सोडतो. झोपलेल्या दोन माणसांच्या श्वासाचं आणि घामाचं पाऊण लिटर त्यात मिळवा. ते सगळं खिडक्यांच्या ॲल्युमिनियमवर, गादीखालच्या फळीवर आणि कपाटाच्या मागे जमणार. ऊब मिळते आणि बोट आतून भिजते.

दुसरं कार्बन मोनॉक्साइड. बंद केबिनमध्ये ऑक्सिजन कमी झाला की ज्वलन अपुरं होतं आणि हा वायू तयार होतो. रंग नाही, वास नाही. डोकेदुखी, मळमळ, सुस्ती, आणि झोपलेल्या माणसाला तेही कळत नाही.

कुंडीबद्दल: कुंडी उष्णता तयार करत नाही, ज्योतीतून आलेली तेवढीच उष्णता जरा उशिरा देते. वर ज्योतीला हवा कमी पडून ज्वलन बिघडतं. शिवाय बोट हलली की तापलेली कुंडी कुठे जाईल याचाही विचार करा.

स्वयंपाकासाठी गॅस ठेवा, पण थंडीत सिलिंडर प्रोपेनचा घ्या. ब्युटेन शून्य अंशाच्या आसपास बाहेर पडायचाच थांबतो, सकाळचा चहा अडतो.

सांजवात

पाण्याचा हिशेब माहीत नव्हता. पटलं. धन्यवाद.

ओबानकर

अलार्मचं कोणी लिहिलं नाही अजून. हीटर कुठलाही असो, कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हवाच. घेताना खोक्यावर ईएन ५०२९१-२ हे युरोपीय मानक बघा. शेवटचा २ महत्त्वाचा, तो बोटी आणि कॅराव्हॅनसाठीचा भाग आहे, हेलकावे आणि दमट हवा धरून चाचणी केलेला. ५० पीपीएमला (हवेच्या दहा लाख भागांत ५०) तो तास-दीड तासात वाजतो, ३०० पीपीएमला तीन मिनिटांच्या आत. ब्रिटनच्या अंतर्देशीय जलमार्गांवर बोट सेफ्टी स्कीमने १ एप्रिल २०१९ पासून केबिनच्या बोटींना असा अलार्म सक्तीचा केला आहे.

हा वायू हवेइतकाच हलका-जड असतो, सगळीकडे मिसळतो. म्हणून अलार्म झोपणाऱ्याच्या डोक्याच्या उंचीवर लावा, शेगडीच्या वाफेपासून लांब. गॅसगळतीचा सेन्सर वेगळा, तो खाली बिल्जमध्ये (बोटीच्या तळाच्या खोलगट भागात), कारण एलपीजी जड असतो. या दोघांची अदलाबदल केलेल्या बोटी पाहण्यात आहेत.

तांडेल

चिनी हीटरबद्दल कोणी बोलत नाहीये म्हणून विचारतो. आतलं यंत्र जवळपास तेच आहे. किमतीत पाचपट फरक. मग?

डिझेलकाका

तांडेल, जळण्याचं भांडं आणि पंखा बऱ्यापैकी असतात. प्रश्न सोबत येणाऱ्या सामानाचा आहे. हे किट ट्रकसाठी बनवलेलं असतं, ट्रकमध्ये एक्झॉस्ट गाडीच्या खाली उघड्यावर असतो. तुमच्याकडे तो कॉकपिट लॉकरमध्ये, माणसांपासून एका फळीच्या अंतरावर असणार.

किटमधला सायलेन्सर हवाबंद नसतो. जोडावर गळतो आणि पाणी निघावं म्हणून त्याला मुद्दाम भोक ठेवलेलं असतं. ट्रकखाली ठीक, लॉकरमध्ये जीवघेणं. एक्झॉस्टची नळी पातळ, गुंडाळलेल्या पत्र्याची. हिरवट मऊ डिझेल नळी जाड व्यासाची, तिच्यात बुडबुडे. तारा बारीक. हे चारही बदला: वेल्ड केलेला बोटीसाठीचा सायलेन्सर, स्टेनलेसची जाड नळी, दुहेरी भिंतीचं स्किन फिटिंग (बोटीच्या भिंतीतून नळी बाहेर काढायचा जोड), नायलॉन नळी. मग किमतीतला फरक पाचपट राहत नाही, दुपटीच्या आसपास येतो.

आणखी एक. खोक्यावर ५ किलोवॅट लिहिलेलं असलं तरी त्यावर विसंबू नका, २ आणि ५ च्या नावाने पुष्कळदा एकाच आकाराचं भांडं विकतात.

तांडेल

म्हणजे हे चार भाग बदलले तर तुमची हरकत नाही?

डिझेलकाका

यंत्राला नाही. विमा कंपनीला आधी लेखी विचारा मात्र.

गलबत

मी इथे काकांशी असहमत. ज्याला वेल्ड, सील, व्होल्टेजची घट हे सगळं स्वतः तपासता येतं त्याने घ्यावा. मचवा पहिल्यांदाच हीटर बसवताहेत. त्यांनी बोटीसाठीचं पूर्ण किट असलेला हीटर घ्यावा आणि माहितीपत्रकाप्रमाणे बसवावा. ज्या भागाची चूक रात्री झोपेत कळत नाही, तिथे पैसे वाचवू नयेत.

उत्तरवारा

गलबत यांना +१.

रेवदंडा

अवांतर विचारतो. आपली 'म्हादेई' गोव्यात दिवाडीला बांधली, कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये तिच्यावरून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. दक्षिण महासागरात किती गारठा असेल! अशा प्रवासात हीटर उपयोगी पडतो का?

ओबानकर

छान प्रश्न. खवळलेल्या समुद्रात दिवसेंदिवस एका बाजूला कललेल्या बोटीत शेगडी बाद, रेग्युलेटर समतल नाही. गरम हवेचा हीटर चालतो, पण एक्झॉस्टच्या तोंडावर मागून लाटा आदळतात, म्हणून चांगली वळवलेली नळी आणि बंद करायचा व्हॉल्व्ह लागतो. शिवाय रोजचं डिझेल आणि अँपिअर मोजून वापरावे लागतात, ऑटोपायलट आणि रेडिओ आधी. त्यामुळे लांबच्या सफरीत भर असतो तो कोरड्या कपड्यांवर, लोकरी थरांवर आणि चांगल्या स्लीपिंग बॅगवर. हीटर लावलाच तर थोडा वेळ, कपडे वाळवायला.

मचवा

सगळ्यांचे मनापासून आभार. माझा कल आता पर्याय १ कडे, २ किलोवॅट. दोन शंका.

पहिली बॅटरीची: नांगरावर सलग दोन रात्री निघतील का? दुसरी एक्झॉस्टची: हीटर उजवीकडच्या कॉकपिट लॉकरमध्ये. एक्झॉस्ट बाजूने काढू की मागे ट्रान्समला (बोटीच्या मागच्या सपाट भिंतीला)? बाजूने नळी ६० सेंटिमीटर होते, मागे काढली तर दीड मीटर. डिझेलकाका, तुम्ही लिहिणार होतात.

उत्तरवारा

बॅटरीचं मी सांगतो. १८० अँपिअर-तासांतले एजीएमचे निम्मे, म्हणजे ९० वापरायचे. रात्री १० तास, सरासरी १.५ अँपिअर, म्हणजे १५, आणि सुरू होतानाचा अर्ध्या अँपिअर-तासाहून कमी. दोन रात्रींचे ३०. दिवे, पाण्याचा पंप, फोन, प्लॉटर मिळून तेवढेच. निघतील. नोव्हेंबरात फ्रिज बंद ठेवा, लोणी तसंही घट्ट राहतं. :) सोलरवर त्या महिन्यात भरवसा नको, इंजिन तासभर चालेल तेच खरं चार्जिंग. डिझेल रात्रीला दीड लिटर.

डिझेलकाका

ट्रान्सम. बाजूला काढलेलं तोंड बोट त्या बाजूला कलली की पाण्याखाली जातं.

तोंड ट्रान्समवर जितकं वर मिळेल तितकं वर, पाण्यापासून किमान ३० सेंटिमीटर. नळी हीटरपासून आधी वर चढवा, डेकच्या खालच्या बाजूला जवळजवळ टेकेल इतकी, तिथे वळसा देऊन मग उतारावर तोंडाकडे न्या. मागून लाट आली तरी पाणी तो चढ चढून हीटरमध्ये येणार नाही. हीटर ते वळसा या भागात जो सगळ्यात खालचा बिंदू असेल तिथे पाणी साठतं, कारण जळलेल्या डिझेलमधली वाफ तिथे थिजते. त्या ठिकाणी बोटीसाठीचा, बूच असलेला ड्रेन बसवा आणि हंगामात एकदोनदा उघडा.

दीड मीटर लांबी आणि दोन-तीन वळणं चालतात, पण माहितीपत्रकातली कमाल लांबी आणि अंशांची बेरीज ओलांडू नका. ज्वलनासाठी हवा घेणारी नळी एक्झॉस्टच्या तोंडाजवळ नको, स्वतःचाच धूर परत ओढला जाईल.

नळी काही शे अंश तापते. पूर्ण लांबीवर काचतंतूची जाड नळी चढवा, वर पट्टी. फायबरग्लासला, दोराला, फेंडरला आणि गॅसच्या नळीला कुठेही टेकता कामा नये. लॉकर सामानाने भरला की दोर तिकडे सरकतातच, म्हणून मध्ये भोकांचा पत्रा लावा. जोडांना एक्झॉस्टचा सीलंट आणि भक्कम क्लॅम्प. पहिल्यांदा चालवल्यावर लॉकर बंद करून आत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म अर्धा तास ठेवा. वाजला तर दुसऱ्या दिवसापर्यंत थांबायचं नाही.

ट्रान्समचा एक तोटा: नांगरावर बोटीचं तोंड वाऱ्याकडे असतं, धूर मागे निघून जातो. मरीनात पाठीमागून वारा आला तर तोच धूर कॉकपिटमध्ये येतो. अशा वेळी केबिनच्या दाराच्या फळ्या लावून घ्या आणि हवा पुढच्या हॅचमधून (डेकमधल्या झाकणातून) घ्या. किंवा बोट उलटी बांधा.

तांडेल

मरीनात हीटर कशाला, वीज असते की.

गलबत

असते, पण किती ते खांबावर वाचा. नेदरलँड्समध्ये बऱ्याच मरीनांत ४ किंवा ६ अँपिअरचाच फ्यूज असतो. ६ × २३० = १३८० वॅट. त्यात बॅटरी चार्जर आणि किटली. २००० वॅटचा फॅन हीटर लावला की खांबाचा फ्यूज उडतो, आणि रात्री ११ ला तो परत लावून द्यायला कोणी नसतं. ५००-८०० वॅटचा तेलाचा रेडिएटर घ्या, तो फळीला बांधून ठेवा. वायर गुंडाळलेली ठेवू नका, रीळ तापतं.

बोट रिकामी असताना हीटरपेक्षा डीह्युमिडिफायर चांगला. थंडीत डेसिकंट (ओलावा शोषणाऱ्या पदार्थाच्या) प्रकारचा. कॉम्प्रेसरवाल्याच्या कॉइलवर १० अंशांखाली बर्फ धरायला लागतं. पाणी सिंकमध्ये सोडा आणि त्या वेळी हॅच बंद ठेवा, नाहीतर सगळं मार्करमेर कोरडं करत बसाल. :)

सांजवात

डिझेल हीटर लावला तरी खिडक्यांवर पाणी येतंच असं ऐकलंय. मग कोरडी ऊब म्हणतात ती कुठली?

उत्तरवारा

हीटर स्वतः पाणी सोडत नाही, पण तुमच्या श्वासाचं आणि भाताच्या वाफेचं उरतंच. १८ अंश आणि ६० टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू १० अंशांवर येतो. ॲल्युमिनियमची चौकट ५ अंशांवर असेल तर तिथे दव पडणारच.

उपाय दोन बाजूंनी. हवा: पुढच्या हॅचला बोटभर फट आणि मागे एक झरोका, रात्रभर. उष्णता जाते असं वाटून लोक हे बंद करतात आणि सकाळी छताखाली पावसात उठतात. पृष्ठभाग: कपाटांच्या मागे आणि बंकच्या बाजूला उघडं फायबरग्लास असेल तिथे बंद पेशींचा फोम, १० मिलिमीटरही चालेल, पण पूर्ण चिकटवलेला. मागे फट राहिली तर पाणी तिथे जाऊन बसतं. गादीखाली जाळीची चटई किंवा लाकडी पट्ट्या.

ओबानकर

इंधनावर एक शेवटचं. उन्हाळ्यात भरलेलं डिझेल नोव्हेंबरात हीटरला घालू नका. थंडीत त्यातलं मेण थिजतं आणि हीटरचा बारीक फिल्टर आधी तुंबतो, इंजिनाचा नंतर. टाकी ऑक्टोबरात हिवाळी डिझेलने भरून ठेवा. तुमच्याकडे एचव्हीओ (वनस्पती तेलावर प्रक्रिया करून केलेलं डिझेल) मिळत असेल तर उत्तम, काजळी कमी, टाकीत जंतू वाढायचा धोका कमी. फक्त हीटरच्या माहितीपत्रकात ईएन १५९४० ला (अशा डिझेलच्या मानकाला) परवानगी आहे का ते बघा.

मचवा

ठरलं. एअरट्रॉनिक डी२, बोटीच्या किटसह. तार ६ चौरस मिलिमीटर, टाकीला वेगळी नळी, एक्झॉस्ट ट्रान्समला, सलूनमध्ये उघडं तोंड एक, पुढच्या केबिनला झडपेचं एक. पेट्रोलचा डबा मागच्या रेलिंगवर जातोय. ईएन ५०२९१-२ चा अलार्म मागवला. फोम आधी बंकच्या बाजूला.

उजव्या लॉकरमध्ये जागा मोजली, हीटरच्या खाली बिल्जचं पाणी येऊ शकतं असं दिसतंय. पट्टी किती वर घेऊ?

डिझेलकाका

बोट तुमच्या नेहमीच्या कलापेक्षा जास्त कलली असं धरून पाणी कुठवर चढेल ते खडूने आखा, त्याच्या १५ सेंटिमीटर वर. हीटरची पट्टी प्लायवुडवर बोल्टने, स्क्रूने नाही. आणि ग्लो प्लग काढायला वर हात जाईल एवढी जागा सोडा. तो तीन-चार हंगामांनी बदलायचा असतो आणि तेव्हा अख्खा हीटर उतरवावा लागू नये.

पहिल्या दिवशी नळीत डिझेल नसेल, त्यामुळे तो दोनदा न पेटता एरर देईल. घाबरू नका, पंप भरतोय. तिसऱ्यांदाही नाही पेटला तर पुन्हा पुन्हा बटण दाबत बसू नका. भांड्यात डिझेल साठतं आणि पेटल्यावर पांढरा धूर सगळ्या मरीनाला दिसतो. आधी नळीत बुडबुडे आहेत का ते टॉर्चने बघा. पेटला की पूर्ण जोरात अर्धा तास चालवा, आणि पुढेही दर मुक्कामात एकदा तेवढा वेळ.